सोलर आणि गिझर एकाच लाइनवर बसवताना: लातूरच्या घरचा अनुभव

छतावर सोलर वॉटर हीटर आणि बाथरूममध्ये लाइटवरचा गिझर, दोन्हीचं पाणी एकाच गरम नळाला, असं काम आम्ही मागच्या वर्षी लातूरच्या घरी करून घेतलं. जूनमध्ये विचार सुरू झाला आणि पाणी गरम झालं ते दिवाळीच्या तोंडावर. आता ऑफिसमधल्या दोघीतिघी विचारायल्यात की कसं केलंस, किती लागले, म्हणून सगळं ओळीनं लिहून ठेवते. या कामात सोलरवाला फक्त सोलरचं बोलतो, वायरमन म्हणतो पाइपाचं प्लंबरला विचारा, प्लंबर म्हणतो लाइटचं आपल्याला माहीत नाही, आणि धोका नेमका या तिघांच्या मधल्या जागेत असतो, तिथं घरच्या माणसानंच उभं राहावं लागतं.

घर १९९५ चं, म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतर सासऱ्यांनी कॉलम-बीम घालून बांधलेलं, खालीच राहतो आणि वर गच्ची. मिस्टर पुण्याला नोकरीला त्यामुळं काम माझ्याच अंगावर होतं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्यांना संधिवात आहे, पहाटे पाचला उठून आंघोळ लागते आणि डिसेंबर-जानेवारीत इकडं पहाटे १०-१२ अंशांपर्यंत उतरतं. इतकी वर्षं तांब्याच्या बंबावर भागलं पण कढत पाण्याची बादली अंगणातून उचलून आणताना त्यांचा तोल जायचा, आणि मुलगी सात वर्षांची, ती मधेच पळत यायची. मला रोज भीती वाटायची.

दिरांचं म्हणणं होतं गॅस गिझर लावा, चार-पाच हजारांत काम होतं. मी नको म्हणलं आणि त्यावर ठाम राहिले. आमचं बाथरूम लहान, खिडकी हातभर. गॅस गिझर आत जळतो तेव्हा खोलीतला ऑक्सिजन वापरतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, आतल्या माणसाला फक्त गरगरल्यासारखं होतं आणि उठून दार उघडायचंही बळ राहत नाही. लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावावा आणि फक्त पाइप आत घ्यावा. आमच्याकडं तशी जागा नव्हती, विषय तिथंच संपला.

मग सोलर. लातूरला ऊन वर्षातले बहुतेक दिवस भरपूर, पण पावसाळ्यात आभाळ दाटलं की सलग काही दिवस पाणी कोमटच येतं, म्हणून बॅकअप लागतोच. सोलरवाला म्हणाला टाकीतच दोन किलोवॅटची कॉइल टाकून देतो. घरी बसून हिशोब केला. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ७ युनिट वीज आणि साडेतीन तास लागतात, तेच १५ लिटरच्या गिझरला अर्धं युनिट आणि पंधरा-सोळा मिनिटं. पहाटे एका बादलीसाठी गच्चीवरची सगळी टाकी तापवायची कशाला? शिवाय गच्चीवर उघड्यावर लाइटची लाइन न्यायची, पावसात भिजणार. म्हणून टाकीत कॉइल नको, बाथरूममध्ये वेगळा गिझर असं ठरलं.

पहिलं काम मात्र कागदांचं निघालं. वीजबिलावर "मंजूर भार" म्हणून एक आकडा असतो, तो बघा. आमचा १ किलोवॅट होता, आणि घरात फ्रिज, कूलर, १ एचपीची बोअरची मोटर, त्यात २ किलोवॅटचा गिझर म्हणजे भार वाढवून घेणं आलंच. पण मीटर सासऱ्यांच्या नावावर आणि ते तीन वर्षांपूर्वी गेले. म्हणून आधी नावबदल, मग भारवाढ. नावबदलासाठी मृत्यू दाखला, मालमत्ता कराची चालू पावती, आत्यांचं आधार आणि बाकी वारसांचं संमतीचं हमीपत्र एवढं लागलं, नणंद नांदेडला असते, तिची सही आणायलाच पंधरवडा गेला. अर्ज महावितरणच्या वेबसाइटवर भरता येतो, बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट बिलावर वरच छापलेलं असतं. माझा सल्ला, हमीपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते जमा करायच्या आधी बघा, "बाई" लावलंय का नाही एवढ्यावरूनही कागद परत येतो. भारवाढीला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, म्हणजे वायरिंग त्यानं तपासून सही-शिक्का द्यायचा. नंतर कोटेशन आलं, पैसे ऑनलाइन भरले, त्यातला मोठा भाग सुरक्षा ठेव असते, ती आपल्याच नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. लाइनमन येऊन खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर बघून गेले. भार ४ किलोवॅट करून घेतला. सगळं मिळून सप्टेंबर उजाडला.

टेस्ट रिपोर्टसाठी जे वायरमन दादा आले त्यांनी बाथरूमच्या बाहेरचा जुना पॉइंट उघडला आणि म्हणाले, "ताई, ह्या वरच्या पिनला काहीच नाही, नुसतं भोक हाय." म्हणजे घराला अर्थिंग, गळका करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, तीच नव्हती. मीटरपाशी कधीकाळी गाडलेली तार होती ती गंजून तुटलेली. हे ऐकून मला घामच फुटला कारण याच पॉइंटवर आम्ही वॉशिंग मशीन लावायचो. तुम्हीही तपासून घ्या, वायरमनकडं मल्टिमीटर असतोच. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यात जेवढे व्होल्ट दिसतात जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दिसायला पाहिजेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे. आमच्याकडं फेज-अर्थ तपासलं तर काटा कुठंच थांबेना.

अर्थिंगचा खड्डा अंगणात मोटरीजवळ घेतला, आठ-साडेआठ फूट खोल, वर काळी माती म्हणून सोपं गेलं, खाली मुरूम लागल्यावर मजुरांनी जादा पैसे मागितले. जीआयचा (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर छोटी चेंबर आणि झाकण. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते तोवर अर्थिंग छान लागतं, एप्रिल-मेमध्ये भेगा पडल्या की बिघडतं, म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला एक बादली पाणी त्या चेंबरमध्ये टाकायचं, सांडपाण्याचं चालतं. खड्डा भरल्यावर अर्थ टेस्टर लावून आकडा घ्यायचा आग्रह धरा, नुसतं "झालं ताई" ऐकून पैसे देऊ नका. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं, आमचा ३ ओहमच्या खाली आला. खर्च मजुरीसकट साडेपाच हजारांच्या आसपास.

त्यानंतर मेन बोर्डापासून गिझरसाठी स्वतंत्र लाइन ओढली, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पडणारा). जुनी माणसं याला ईएलसीबी म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवते ती आरसीसीबी. गिझरची कॉइल फुटून करंट पाण्यात उतरला तर एमसीबीला ते कळेलच असं नाही, पण ही ३० मिलिअँपिअर गळतीला क्षणात लाइन तोडते. दोन हजारांच्या आसपास मिळते, तिच्यात काटकसर करू नका.

बसवल्या दिवशी आरसीसीबी टिकेचना, लावली की पडायची, गिझर जोडलेलाही नव्हता. वायरमन दादांनी अर्धा दिवस शोधलं तेव्हा कळलं की इन्व्हर्टरवरच्या लाइटचा न्यूट्रल त्या जुन्या पॉइंटच्या न्यूट्रलला भिंतीत कुठंतरी जोडलेला. आरसीसीबीमधून जेवढा करंट जातो तेवढाच परत आला पाहिजे, दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल मिसळला की तिला ती गळतीच वाटते. अशा वेळी काही जण आरसीसीबी काढून टाकतात आणि म्हणतात खराब निघाली. तसं करू देऊ नका, न्यूट्रल वेगळे करून घ्या. आमचे दादा मनानं चांगले, त्यांनी भिंत फोडून केलं. स्विच बाथरूमच्या बाहेर, लाल दिव्याचा, आणि गिझर इन्व्हर्टरवर अजिबात नाही.

छतावरचं काम सप्टेंबरच्या शेवटी. काचेच्या नळ्यांचं घ्यायचं का तांब्याच्या पॅनेलचं यावर बरंच डोकं लावलं. आमच्या बोअरचं पाणी जड, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनं ९०० च्या वर दाखवलं, आणि पॅनेलमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारानं बुजतात, ते टाळायला हीट एक्स्चेंजरवालं (वापराचं पाणी पॅनेलच्या नळ्यांत न जाऊ देणारं) घ्यावं लागतं जे बरंच महाग. काचेच्या नळ्या काढून धुता तरी येतात. भीती गारांची होती, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोण विसरलंय, आणि वानरांचीही, आमच्या गल्लीत टोळी येते. म्हणून नळ्यांचंच घेतलं पण वर मोठ्या छिद्राची जाळी बसवली, थोडी सावली पडते तेवढी चालते. २०० लिटर, स्टँडसकट ३४ हजार.

भरलेली टाकी म्हणजे २०० किलो नुसतं पाणी, म्हणून स्टँडचे पाय बीमच्या वर येतील अशी जागा धरली आणि स्लॅबला भोकं न पाडता पायांना काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले. वळवाचं वारं इकडं पत्रे उडवतं, मोकळा ठेवलेला स्टँड टिकत नाही. तोंड दक्षिणेला. आणि थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते, तिचा तळ सोलर टाकीच्या माथ्याच्या किमान फूटभर वर, आमची खाली होती म्हणून लोखंडी घोडी करून उचलावी लागली, हा खर्च सोलरवाल्याच्या कोटेशनमध्ये नव्हता, आधीच विचारून घ्या.

दोन गोष्टी इथं जिवाच्या. एक, सोलरची ही टाकी प्रेशरची नसते, तिला बोअरच्या मोटरीची किंवा प्रेशर पंपाची लाइन थेट जोडायची नाही, फुटते. दोन, टाकीवर जी उभी पाइप असते, एअर व्हेंट, ती कधीही बंद करायची नाही. तिच्यातून वाफ आणि हवा जाते, आणि टाकी रिकामी होताना हवा आतही येते, नाहीतर टाकी चेपते. शेजारच्या गल्लीत एका घरी व्हेंटमधून पाणी गळतं म्हणून प्लग मारलेला मी पाहिला. पाणी गळतं कारण व्हेंटची उंची थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा कमी असते, पाइप वाढवली की गळणं थांबतं.

आता पाइप. मेमध्ये सोलरचं पाणी ८० अंशांच्या वर जातं. पांढरी यूपीव्हीसी पाइप त्याला चालत नाही, मऊ पडते. क्रीम रंगाची सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालते, पण टाकीच्या तोंडाचा पहिला तुकडा आम्ही जीआयचाच ठेवला आणि सगळ्यावर काळा फोम. प्लंबर काका एका वळणाला पांढरा एल्बो टाकायला निघाले होते, "काय होत नाही ताई, एवढ्याशानं", मी म्हणलं काका थांबा, दुकान कोपऱ्यावरच आहे, मी आणून देते.

गिझरची जोडणी कशी करायची यात मात्र मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सरळ विचार असा येतो की सोलरचं पाणी गिझरच्या आत सोडायचं, कोमट असेल तर गिझर उरलेलं तापवेल. पण गिझरच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याला तापमानाची मर्यादा दिलेली असते, आणि मी घेतलेल्या मॉडेलला सोलरचं पाणी चालत नव्हतं, वॉरंटीही जाते. घ्यायच्या आधी दुकानातच पुस्तिका उघडून वाचा. मग आम्ही गिझरला थंड टाकीचं पाणी दिलं, सोलरची लाइन वेगळी आणली आणि दोन्ही बाथरूमच्या गरम नळाच्या अलीकडं एकत्र केल्या, दोघांना एकेक बॉल व्हॉल्व्ह. एका वेळी एकच उघडा. हे व्हॉल्व्ह नसले तर दोन्हीकडचं पाणी एकमेकांत मिसळतं.

पण व्हॉल्व्ह आले की नवा धोका आला. गिझरच्या आत येणाऱ्या बाजूला एनआरव्ही असतो, पाणी मागं जाऊ देत नाही, आणि तो हवाच, कारण आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, टाकी रिकामी झाली तर गिझरमधलं पाणी मागं उतरून कॉइल कोरडी पडते. आता बाहेरचा व्हॉल्व्हही बंद आणि गिझर चुकून चालू राहिला तर? २० अंशांचं पाणी ६० ला गेलं की साधारण दीड टक्का वाढतं, १५ लिटरमागं जवळपास पाव लिटर, आणि त्याला जायला जागाच नाही. पाणी पुरेसं तापलं की लाइन तोडणारे थर्मोस्टॅट आणि कटआउट असतात पण ते बिघडू शकतात. त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह, साधारण ८ बारला उघडून पाणी सोडणारा, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह करतो तेच काम. दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमची टाकी एका मजल्यावर, प्रेशर येणार कुठून, नका घेऊ." टाकीपासूनचं प्रेशर आमचं अर्धा बारसुद्धा नाही हे खरं. पण इथं प्रेशर टाकीचं नसून तापण्याचं असतं. सहाशे रुपयांचा तो व्हॉल्व्ह मी घेतलाच.

तो बसवताना एवढं बघा की गिझर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मधे दुसरा कुठलाही कॉक नको. आणि त्याच्या तोंडाला छोटी नळी लावून खाली मोरीपर्यंत सोडा, तोंड उघडं. पाणी तापताना तिथून थेंब थेंब येतात, ते बरोबर आहे, गळतंय म्हणून बांधून टाकू नका.

गिझर अँकर फास्टनरनं नऊ इंची भिंतीला लावला, चार इंचीला नाही. भरलेला १५ लिटरचा गिझर पंचवीस किलोच्या आसपास जातो आणि खाली आपली म्हातारी माणसं, लेकरं असतात. भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात यावर मला वाद नको होता. घेताना आयएसआय मार्क आणि आयएस २०८२ हा आकडा प्लेटवर बघितला.

पहिलं पाणी सूर्य उगवायच्या आधी भरलं. हे सोलरवाल्यानं चांगलं सांगितलं, नळ्या उन्हात कोरड्या तापलेल्या असताना थंड पाणी सोडलं तर काच तडकते. आमच्याकडं हा प्रश्न नेहमीचा आहे, टँकर यायला उशीर झाला, टाकी तळाला गेली, आणि दुपारी पाणी आलं की लोक लगेच सोडतात. सोलर कोरडं पडलं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, नाहीतर नळ्यांवर जाड चादर टाकून गार होऊ द्या. गिझरचं असं की आधी गरम नळ उघडून हवा न फुसफुसता सलग धार येईपर्यंत थांबायचं, मगच स्विच. पहिल्या आठवड्यात सोलरचं पाणी मधेच बंद व्हायचं, पाइपात हवा धरत होती, एका ठिकाणी पाइप वर चढून खाली उतरली होती, काकांनी उतार सरळ केल्यावर गेलं.

चटक्याचं बोलायचं राहिलं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं आणि सोलरचं त्याहून कढत असतं. तापमान आपोआप जुळवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह मिळतो, पण आमच्या कमी प्रेशरला धार बारीक व्हायची म्हणून तो नाही लावला. शॉवर काढून टाकला, बादलीलाच दोन वेगळे नळ, गरम नळ वर आणि लाल रंगाचा, मुलीचा हात पोचत नाही असा. घरात नियम एकच, बादलीत आधी थंड मग गरम. आत्यांनी तो दोन दिवसांत अंगवळणी पाडला आणि आता पाहुण्यांनाही त्याच सांगतात.

एकूण खर्च सत्तर हजारांच्या जवळ गेला, त्यात गिझर साडेआठ हजार, प्लंबिंग नऊ-दहा हजार, वायरिंग सात, बाकी वर लिहिलंय. टाकीची घोडी आणि मजुरी यात दोन-तीन हजार अंदाजाबाहेर गेले.

आता महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते, पडली म्हणजे ठीक. व्हॉल्व्हजवळ मिस्टरांनी कागद लॅमिनेट करून लावलाय, कुठल्या ऋतूत कुठला उघडा, आणि सोलर चालू असेल तेव्हा गिझरचा स्विच बंद. यंदा ऑक्टोबरमध्ये गिझरचा मॅग्नेशियमचा रॉड काढून बघितला, जड पाण्यानं वर्षभरात अर्ध्याहून जास्त खाल्लेला निघाला. हा रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो म्हणून टाकी टिकते, तो संपला की गंज टाकीला लागतो. नवा चारशेला मिळाला, बसवायचे दोनशे. सोलरच्या टाकीतही तसाच असतो, तो आणि नळ्यांच्या तळाचा क्षार एकाच दिवशी बघून घ्या म्हणजे माणूस दोनदा बोलवावा लागत नाही.